थुंकीतले टक्के, वहीतली नावे

दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीतल्या भाच्याचा फोन आला. त्याने एका कंपनीकडे थुंकीचा नमुना पाठवून डीएनए चाचणी करून घेतली होती. “मामा, आपण साडेतीन टक्के इराणी आहोत!” गेलेलं वतन परत मिळावं, असा आनंद त्याच्या आवाजात होता. घरातल्या मंडळींनी लगेच दुवे जुळवले. आजीचे घारे डोळे, थोरल्या काकांचं नाक, झालंच तर घराण्याचा तापटपणा. वर्षभराने त्याच कंपनीने त्याच नमुन्यावरून सुधारित अहवाल पाठवला आणि त्यात इराण नव्हता. भाच्याने बिचाऱ्याने विचारलं, “मग ते साडेतीन टक्के गेले कुठे?”

गेले कुठेच नाहीत. ते फक्त हिशेबात होते आणि हिशेब बदलला.

डीएनए चाचणीबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. हे टक्के म्हणजे आपल्या रक्ताची मोजदाद आहे, असं लोकांना वाटतं. माणसाच्या जनुकसंचात ३०० कोटींहून जास्त अक्षरं असतात आणि कुठल्याही दोन माणसांची त्यातली जवळजवळ ९९.९ टक्के सारखीच असतात. कंपन्या बाकीच्या फरकांतली सहा-सात लाख ठिकाणं तपासतात. तिथे आपल्याकडे कुठलं अक्षर आहे ते बघतात आणि ते स्वतःजवळच्या एका संदर्भगटाशी ताडून पाहतात. हा संदर्भगट जिवंत माणसांचा असतो. आमचे आजी-आजोबा चौघेही याच भागातले, असं सांगणारी ही माणसं. तुमच्या डीएनएचा एखादा तुकडा त्यांतल्या ज्या गटाशी जास्त जुळतो, त्या गटाचं लेबल त्याला चिकटतं. म्हणजे ‘साडेतीन टक्के इराणी’चा खरा अर्थ एवढाच, की तुमचे काही तुकडे आमच्याकडच्या यादीत इराणी माणसांशी जास्त जुळले. तुमचा कुणी पूर्वज इराणातून आला, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. यादीत नवे लोक आले, गणिताची रीत बदलली, की टक्के बदलतात. थुंकी तीच राहते.

२०१९ साली कॅनडाच्या सीबीसी वाहिनीवरच्या एका पत्रकार महिलेने स्वतःचे आणि आपल्या जुळ्या बहिणीचे नमुने पाच कंपन्यांना पाठवले. एकाच गर्भातल्या एकसारख्या जुळ्या त्या, डीएनए जवळपास शंभर टक्के एकच. तरी पाच कंपन्यांची पाच चित्रं आली, आणि एकाच कंपनीने दोघींना दिलेले आकडेही जुळले नाहीत. खंडांच्या पातळीवर, म्हणजे युरोप, आफ्रिका, पूर्व आशिया, दक्षिण आशिया असं सांगताना या चाचण्या बऱ्यापैकी भरवशाच्या असतात. देश, प्रांत, जिल्हा असं खाली उतरत गेलं, की पाय घसरायला लागतो. आपल्याला तर उत्सुकता असते ती तालुक्याची.

“सख्ख्या भावाला वेगळे टक्के आले, म्हणजे काहीतरी घोटाळा आहे” हे आणखी एक नेहमीचं वाक्य. घोटाळा कसलाही नाही. प्रत्येक मूल आईकडून निम्मं आणि बापाकडून निम्मं घेतं, पण कुठलं निम्मं ते दर वेळी नव्याने पिसलेल्या पत्त्यांसारखं ठरतं. सख्ख्या भावंडांत सरासरी अर्धाच डीएनए समान असतो. दहा पिढ्या मागे गेलं तर कागदावर १,०२४ पूर्वज होतात, पण त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांचा एक तुकडाही आपल्यात उरलेला नसतो. ते आपले पूर्वज असतातच, फक्त थुंकीत दिसत नाहीत. म्हणून घरात एकच चाचणी करायची असेल तर ती नातवाची करू नये, आजीची करावी. तिच्यातला निम्मा ऐवज तिच्या मुलापर्यंत येताना गळतो, आणि नातवापर्यंत येताना त्यातलाही निम्मा.

आता आपल्याकडचा लाडका समज: गोत्र किंवा आडनाव वाय गुणसूत्रात असतं. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं, हे खरं आहे. पण त्यावरून ठरणाऱ्या शाखा हजारो वर्षं जुन्या आहेत. आर-वन-ए ही शाखा पोलंडातही भरपूर आहे आणि कोकणातही, ब्राह्मणांतही आणि इतर कितीतरी जातींतही. आडनावं त्यामानाने कालची पोरं. एका आडनावाच्या, एका गोत्राच्या माणसांत चार वेगळ्या शाखा निघाल्या तर दचकायचं कारण नाही. शिवाय आपल्या घराण्यांत दत्तकविधान होतं. कागलच्या घाटग्यांच्या घरातले यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीला दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. वंशावळीत ते भोसले आहेत, धर्माने आणि कायद्यानेही भोसले. पेशींतल्या गुणसूत्राला त्या दत्तकविधानाचा पत्ता नसतो. मग वंशावळ खोटी ठरते का? मुळीच नाही. ती वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते, इतकंच.

जातीच्या दाखल्याचंही तसंच. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा गावोगावचे लोक काय धुंडाळत होते? मोडीतली कागदपत्रं, कोतवाल बुकं, शाळेच्या जुन्या रजिस्टरांतल्या नोंदी. थुंकीची नळी कुणी मागितली नाही, कारण तिच्यात जात लिहिलेली नसते. अमेरिकेत सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी २०१८ मध्ये आपला एक पूर्वज सहा ते दहा पिढ्यांमागे मूलनिवासी होता, असं दाखवणारी चाचणी जाहीर केली. त्यावर चेरोकी नेशन या मूलनिवासींच्या राष्ट्राने साफ सांगितलं, की आमचं नागरिकत्व अशा चाचणीने ठरत नाही. समाजाचं सभासदत्व समाज ठरवतो.

मग या चाचण्या इतिहासाच्या कामाच्याच नाहीत का? आहेत, पण समूहाच्या इतिहासाच्या. आमच्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंचं उदाहरण घ्या. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावात ते ‘शनिवार तेली’. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात त्यांच्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा असे दोन्ही वारसे ठळक दिसले. ती सरमिसळ साधारण ६५० ते १,०५० वर्षांपूर्वीची असावी, असा अंदाज निघाला. जहाज फुटलं की नाही, हे त्यातून कळत नाही. एखाद्या बेने इस्रायली रोहेकरांचा पूर्वज कोण होता, हेही नाही. तो रोह्याचा, हे मात्र आडनावच सांगतं.

गोव्यात याच्या उलटी गंमत. फर्नांडिस किंवा डिसोझा आडनाव म्हणजे कुठेतरी पोर्तुगीज रक्त, अशी समजूत गोव्याबाहेर सर्रास आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने २०२१ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या रोमन कॅथलिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा ते बहुतांशी इथलेच निघाले, गौड सारस्वतांच्या अगदी जवळचे. आडनाव बाप्तिस्म्याने आलं होतं. आणि त्या बाप्तिस्म्याची नोंद चर्चच्या वहीत सापडण्याची शक्यता, कुठल्याही गुणसूत्रात सापडण्यापेक्षा किती तरी जास्त.

घराण्याचा शोध घेणाऱ्याला खरी किंमत आहे ती अहवालाच्या दुसऱ्या पानाला. टक्क्यांचा रंगीत नकाशा बघून लोक तिथेच थांबतात. त्यामागे असते जुळणाऱ्या माणसांची यादी: तुमच्याशी अमुक इतका डीएनए वाटून घेणारे, त्याच कंपनीकडे चाचणी केलेले लोक. हे माप सेंटिमॉर्गनमध्ये देतात. आई-बापाशी सुमारे ३,४००, सख्ख्या चुलत, मावस, आते-मामे भावंडांशी ८५० च्या आसपास, पणजोबा एक असलेल्या भावंडांशी त्याच्या साधारण चौथा हिस्सा. खापरपणजोबा एक असलेल्या दर दहांपैकी एकाशी तर काहीच जुळत नाही. अमेरिकेत आणि युरोपात या यादीवरून दत्तक गेलेल्या अनेकांनी जन्मदाते शोधले. सत्तर-ऐंशीच्या दशकांत पुण्या-मुंबईच्या संस्थांतून स्वीडन, नेदरलँड्सला गेलेली मुलं आज याच वाटेने चाचपडत आहेत. त्यांच्यापुढे कागद संपलेला आहे, तिथे थुंकी हाच आधार. अडचण एवढीच, की यादीत सापडायला इकडच्या मावशीने किंवा तिच्या मुलानेही कधीतरी चाचणी केलेली असावी लागते. आणि या कंपन्यांचे ग्राहक मुख्यतः पाश्चात्त्य देशांतले.

आपल्यासाठी दुसरी अडचण म्हणजे सोयरिकी. शेकडो वर्षं जातीतल्या जातीत आणि चार तालुक्यांच्या टापूत लग्नं झाली. मामाची मुलगी करण्याची चाल तर अनेक समाजांत अजून आहे. २०१७ साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये आलेल्या अभ्यासाने दक्षिण आशियातले २६० हून अधिक गट तपासले. त्यांतल्या ८१ गटांत मूठभर पूर्वजांचा ठसा फिनलंडच्या किंवा अश्कनाझी ज्यूंच्या समाजापेक्षाही गडद निघाला. असं असलं, की दोन माणसं दहा वाटांनी थोडी थोडी नात्यातली असतात, त्या तुकड्यांची बेरीज होते, आणि संगणक बेधडक सांगतो: जवळचे भाऊबंद! प्रत्यक्षात समान पूर्वज दहा पिढ्यांमागे असतो, किंवा दहा समान पूर्वज असतात.

मॉरिशसचे मराठी लोक कागदाच्या बाबतीत आपल्यापेक्षा नशीबवान. १८३४ नंतर गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, तिथे साडेचार लाखांच्या आसपास हिंदुस्थानी मजूर गेले, त्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा भागांतलेही होते. तिथल्या मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत त्यांच्या नोंदवह्या जपल्या आहेत: मजुराचा क्रमांक, बापाचं नाव, गाव, जहाज, अंगावरच्या खुणा. गोऱ्या कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलेलं गावाचं नाव सोडवायला डोकं लागतं, पण एकदा सोडवलं, की माणूस त्या गावच्या देवळासमोर जाऊन उभा राहू शकतो. कुठल्याही टक्केवारीने कुणाला असं देवळापर्यंत पोचवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

गोपनीयतेबद्दल थोडंच. “माझी थुंकी, माझा प्रश्न” हे खरं नाही. ती भावाचीही आहे, मुलीचीही. कॅलिफोर्नियातला एक जुना खुनी २०१८ मध्ये सापडला तो दूरच्या नातेवाइकांनी संकेतस्थळावर चढवलेल्या डीएनएवरून. ‘२३अँडमी’ या डीएनए चाचणी कंपनीकडून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आणि घरात झाकलेलं काही असेल तर ते यादीत उघड्यावर येतं, तेव्हा आधी घरच्या वडीलधाऱ्यांशी बोलून घ्यावं.

भाचा इकडे आला, तेव्हा त्याला मी त्र्यंबकेश्वरला नेलं. तिथल्या तीर्थोपाध्यायांनी जात, गाव, आडनाव विचारलं आणि वंशावळीची लांबलचक वही उलगडली. माझ्या पणजोबांची मोडी सही, भावांची नावं, मुलांची नावं. पाच पिढ्या, एका दुपारीत. बायका मात्र जवळपास नाहीत. कुणाची तरी ‘मातोश्री’ आली आहे, तीही नावाशिवाय. आमच्या छापील कुलवृत्तांतातही लेकी लग्नानंतर पुसल्यासारख्या होतात.

कागदाची ही खोट डीएनए भरून काढतो, हे मला त्या दुपारी उमगलं. गुणसूत्रांना माहेर-सासर कळत नाही, पणजीचा हिस्सा सरासरी पणजोबांइतकाच असतो. भाच्याच्या यादीत ओळखीच्या आडनावाचं कुणीच नाही म्हणून तो खट्टू होता. पण तिथे टोरांटोचे एक गृहस्थ आहेत, मराठी, आडनाव आम्हाला अगदी अनोळखी, ९० सेंटिमॉर्गन. आपल्याकडच्या सोयरिकी पाहता हा आकडा फसवाही असेल. तरी मी त्याला म्हटलं, त्यांना लिही. टक्के विचारू नकोस, कुलदैवतही नंतर विचार. आधी एवढंच विचार, की तुमच्या पणजीचं माहेर कुठलं?