भोकं पाडलेलं फ्लायव्हील

दिवाळीच्या सुट्टीत रायपूरला घरी गेलो, तेव्हा चौबे कॉलनीतल्या आमच्या अंगणात आजोबांची जीप इंजिन उघडून ठेवलेली होती. लष्कराच्या लिलावातून घेतलेली जुनी विलीज; चार सिलिंडर, २.२ लिटरचं इंजिन. मागे कुणीतरी तिला भंगारातलं फ्लायव्हील बसवलं आणि तेव्हापासून वेग घेतला की ती थरथरायची. या वेळी नीट झाली नाही तर विकून टाकू, असं बाबा म्हणत होते. आजोबा काहीच बोलत नव्हते.

फ्लायव्हील म्हणजे क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला बसवलेली जड लोखंडी चकती. सिलिंडरमधून ताकद धक्क्याधक्क्याने येते. दोन धक्क्यांच्या मधल्या वेळात ही चकती स्वतःच्या वजनाने फिरत राहते. पण ती एका बाजूला जड असेल तर? वस्तुमान, त्रिज्या आणि कोनीय वेगाचा वर्ग यांचा गुणाकार मी वहीत करून पाहिला. मध्यापासून १५ सेंटिमीटरवर फक्त १० ग्रॅम जास्त असले, तर मिनिटाला ३००० फेऱ्यांना त्यांची ओढ सुमारे १५ किलो वजनाइतकी होते. ४००० फेऱ्यांना जवळजवळ २७ किलो! हा मार क्रँकशाफ्टच्या मागच्या बेअरिंगला सोसावा लागतो.

भंगारवाल्याने दोन फ्लायव्हील दिली होती. एक ठेवून दुसरं परत करायचं होतं. एक गुळगुळीत, देखणं. दुसऱ्याच्या कडेजवळ एकाच बाजूला चार भोकं. मी अर्थातच भोकंवालं बाजूला सारलं. मिस्त्री हसले. "छेद देखकर क्यों फेंक रहे हो, बाबू?"

त्यांनी आधी मला कडेचे दात मोजायला लावले. जुन्या जीपच्या फ्लायव्हीलला ९७ दात असतात, नंतरच्यांना १२९. स्टार्टरशी ते जुळले नाहीत तर पुढचं सगळं व्यर्थ. दोन्हींना १२९ होते, आम्हाला हवे तेवढेच. मग दोन सरळ पोलादी पट्ट्या उभ्या कडेवर समांतर ठेवून पाणसळीने समपातळीत आणल्या. फ्लायव्हीलच्या मधल्या भोकात घट्ट बसेल असा गोल दांडा घालून ते पट्ट्यांवर ठेवलं, कडेला खडूच्या खुणा केल्या आणि हलकेच ढकललं. गुळगुळीत फ्लायव्हील थांबता थांबता मागे झुललं आणि एक खूण खाली येऊन स्थिरावलं. दहा वेळा ढकललं, दहाही वेळा तीच खूण खाली. भोकंवालं मात्र दर वेळी वेगळ्याच जागी थांबलं. कुणीतरी त्याची जड बाजू शोधून तिथलं लोखंड कोरून काढलं होतं.

ही परीक्षा प्रत्येक इंजिनाला मात्र चालत नाही. फोर्डच्या ३०२ या अमेरिकन व्ही-८ इंजिनाचं फ्लायव्हील मुद्दामच एका बाजूला जड ठेवतात, कारण क्रँकशाफ्टचा उरलेला तोल तेच सांभाळतं. पट्ट्यांवर ते सदोष वाटेल, आणि भोकं पाडून "सुधारलं" तर इंजिनाचं वाटोळं होईल. आमच्या चार सिलिंडरच्या जीपला दोन्ही बाजूंनी सारखंच हवं होतं. पट्ट्यांवर बारीक दोष कळत नाहीत, म्हणून क्लचचं कव्हर लावून दोन्ही एकत्र मशीनवर फिरवून घेतली आणि कव्हर कसं बसलं होतं त्याची खूण करून ठेवली. पुन्हा उघडलं तर ते तसंच बसायला हवं.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी आजोबांनी मला शेजारी बसवून तेलीबांधा तलावापर्यंत जीप नेली. पूर्वी वेगात आरशात नुसता धुरकट रंग दिसायचा. त्या दिवशी मागच्या ट्रकचा नंबर मी मोठ्याने वाचून दाखवला.