खिशातला दुभाषा

समजा, सुट्टीत तुम्ही आजोळी आहात. ताईला लॅपटॉपवरून कॉलेजचा फॉर्म भरायचाय आणि घरात वायफायच नाही. मामा खिशातून फोन काढतो, हॉटस्पॉट चालू करतो, आणि काय! लॅपटॉपवर नेट सुरू! फोनने ही करामत केली कशी? तो लॅपटॉपचा मोडेम झाला.

मोडेम म्हणजे दुभाषा. कॉम्प्युटरला कळतात फक्त 0 आणि 1. पण तारेतून, हवेतून धावतात त्या लहरी. मग एकीकडे 0 आणि 1 लहरींवर चढवायचे, दुसरीकडे उतरवून घ्यायचे. चढवणारा तो मॉड्युलेटर, उतरवणारा डीमॉड्युलेटर. दोघांच्या नावांचे तुकडे जोडले की झाला मोडेम!

1962 साली अमेरिकेत ‘बेल 103’ नावाचा मोडेम आला. तो टेलिफोनच्या तारेतून चक्क शिट्ट्या घालायचा! 0 साठी खालचा सूर, सेकंदाला 1070 कंपनं. 1 साठी वरचा, 1270 कंपनं. पलीकडचा मोडेम उत्तर द्यायचा ते आणखी वरच्या पट्टीत, 2025 आणि 2225 कंपनांनी. त्यामुळे दोघं एकदम बोलले तरी कुणाचं काही हरवायचं नाही. मला ही युक्ती भारी आवडते. वेग मात्र सेकंदाला 300 बिट. आजचा 3 एमबीचा एक फोटो त्याने पाठवायचा म्हटला, तर 22 तास लागतील! सकाळी सुरू केला तर दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचा.

मामाचा 4जी फोन शिट्टी घालत नाही, रेडिओ लहरी सोडतो. टॉवरकडून त्याच्याकडे येणाऱ्या 20 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात 1200 बारीक लहरी शेजारी शेजारी मावतात. एवढ्या गलक्यातून आपल्या वाट्याचे 0 आणि 1 तो अचूक वेचतो आणि वायफायच्या लहरींवर चढवून लॅपटॉपला देतो. म्हणजे एका हाताने टॉवर सांभाळायचा, दुसऱ्याने लॅपटॉप. म्हणूनच हॉटस्पॉट चालू असला की फोन गरम होतो, बॅटरी भराभर उतरते.

यावर सोपा उपाय आहे. फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. केबल मात्र डेटाही नेणारी हवी, काही केबल नुसतं चार्जिंग करतात. आता लॅपटॉपपर्यंतचं काम तार करते आणि वर फोन चार्जही होतो. मोठ्यांना विचारून करून बघा. हॉटस्पॉटवर दहा मिनिटं, मग केबलवर दहा मिनिटं. बॅटरीचे आकडे वहीत लिहून ठेवा आणि आम्हाला नक्की कळवा.