कायदा झाला, पण परिणाम झाला का?

अश्रुधुराच्या निर्यातीवर बंदी आली, म्हणजे अश्रुधूर थांबला? घाई करू नका.

२७ नोव्हेंबर २०१९ रोजी अमेरिकेत एका कायद्यावर सही झाली. हाँगकाँग पोलिसांसाठी अश्रुधूर, पेपर स्प्रे, रबरी गोळ्या, टेझर यांना निर्यात परवाने द्यायचे नाहीत, असा तो कायदा. आता मूळ मजकूर बघा. बंदी फक्त अमेरिकेतून जाणाऱ्या मालावर. आधीच्या साठ्यावर नाही, इतर देशांच्या मालावर नाही. मुदत सुरुवातीला एकच वर्ष. वर राष्ट्रहिताचं कारण देऊन सूट द्यायचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना.

म्हणून प्रबंधात 'कायद्यामुळे वापर घटला' असं लिहिण्याआधी साठा आणि बाकीचे पुरवठादार तपासा. रस्त्यावरच्या माणसाच्या डोळ्यांना नळकांडी कुठल्या देशाची, ते कळत नसतं.