कंपवात आणि पावलांची तालीम

कुस्तींत बळाइतकेंच तोलाला महत्त्व आहे, हें कोल्हापुरास निराळें सांगावयास नको. पाय किती अंतरावर ठेवावे, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर केव्हां न्यावा, हें मल्ल तालमींत वर्षानुवर्षें शिकतो. निरोगी मनुष्य मात्र चालतांना, वळतांना, खुर्चीवरून उठतांना हेंच काम नकळत करीत असतो. कंपवात हा रोग त्या नकळतपणावरच घाला घालतो.

लंडनचा डॉक्टर जेम्स पार्किन्सन यानें १८१७ सालीं या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. म्हणून त्यास पार्किन्सनचा रोग असेंही म्हणतात. मेंदूच्या एका खोल भागांतील पेशी क्षीण होतात व त्यांपासून मिळणारें डोपामिन हें द्रव्य कमी पडतें. मग हातास कंप सुटतो, अंग ताठरतें, पावलें आंखूड व घासत पडूं लागतात. कधीं शरीर पुढें झुकून पावलें दुडदुड धांवतात. कधीं उंबऱ्याशीं वा वळणावर पाय जमिनीस खिळल्यासारखे होतात. औषधानें ताठरपणा पुष्कळ कमी होतो. पण गेलेला तोल तितकासा परत येत नाहीं. अशा रुग्णांपैकीं अर्ध्याहून अधिक जण वर्षांतून एकदां तरी पडतात. खुब्याचें हाड मोडलें तर अंथरूण धरावें लागतें. आणि हाड शाबूत राहिलें तरी मनांत बसलेली भीति माणसास खुर्चीशीं बांधून ठेवते. बसून पाय दुबळे होतात, आणि दुबळे पाय पुन्हां पाडतात.

जी क्रिया आपोआप होत नाहीं, ती लक्षपूर्वक करावयास शिकणें, हा यावरील उपाय होय. मूळच्या पुण्याच्या रचनाकार मिलेहा सोनेजी यांनीं २०१५ सालच्या एका व्याख्यानांत याचें बोलकें उदाहरण दिलें आहे. त्यांच्या एका वडीलधाऱ्या आप्तांना सपाट जमिनीवर चालणें कठीण जाई. जिना मात्र ते सहज उतरत. तेव्हां त्यांनीं घरांतील जमिनीवर पायऱ्यांचा भास होईल असें चित्र चिकटविलें, आणि ते त्यावरून नीट चालूं लागले. डोळ्यांस दिसणारी खूण पावलास वाट दाखविते. जमिनीवरील आडव्या पट्ट्याही हेंच काम करतात. हलगीच्या ठेक्यासारखा एकसारखा ताल तेंच काम कानांवाटें करतो.

हें शिक्षण फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीं, औषधाचा अंमल चांगला असतांना घ्यावें. आधाराजवळ उभें राहून भार या पायावरून त्या पायावर नेणें, खुर्चीवरून पुन्हां पुन्हां उठणें, सर्व दिशांस मोठें पाऊल टाकणें, जागच्या जागीं गिरकी न घेतां रुंद वळसा घालून वळणें, हा त्याचा गाभा होय. अमेरिकेंत १९५ रुग्णांवर झालेल्या व २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ताई-ची या संथ चिनी व्यायामानें, नुसत्या अंग ताणण्याच्या व्यायामापेक्षां, पडणें कमी झालें. २०२२ सालच्या कोक्रेन आढाव्याप्रमाणें व्यायामानें पडण्याचें प्रमाण सुमारें चतुर्थांशानें घटतें. रोग सौम्य असतांना लाभ अधिक. रोग बळावल्यावर एकट्यानें व्यायाम करणें धोक्याचें. व्यायाम सुटला कीं लाभही ओसरतो.

घरच्या माणसांकडून एक चूक प्रेमापोटीं होते. पाय खिळले कीं तीं हात धरून ओढतात. धड पुढें येतें, पाय मागें राहतात, आणि रुग्ण पडतो. त्याऐवजीं त्यास थांबूं द्यावें, सरळ उभें राहण्यास सांगावें, भार डावी-उजवीकडे हलवूं द्यावा, आणि 'एक, दोन' मोजून मोठें पाऊल टाकावयास लावावें. चालत असतां त्याच्याशीं बोलूं नये. हातांत पाण्याचा तांब्या देऊं नये. रात्रीं न्हाणीच्या वाटेवर दिवा असावा; पायपुसणें घसरतें वा चप्पल सैल नसावी. अंथरुणांतून उठल्यावर त्यानें कांहीं वेळ कडेला बसावें. कारण या रोगांत उभें राहतांना रक्तदाब एकाएकीं उतरूं शकतो.

रंकाळ्याच्या कांठीं असा एखादा रुग्ण पावलें मोजीत चालतांना दिसला, तर त्यास मागून हांक मारूं नये. त्याचें सारें लक्ष पुढच्या पावलांत गुंतलेलें असतें, व तें तसेंच असावयास हवें.