भेदरलेले मूल आणि शाळेची घंटा

रमजानमध्ये जकात काढताना यतीम म्हणजे पोरक्या मुलांची आठवण हमखास होते. कोणी फी भरतो, कोणी ईदचे कपडे घेतो. हे व्हायलाच हवे. पण ते मूल शाळेत जाते तेव्हा त्याच्या मनातली धास्तीही वर्गात येऊन बसते. तिच्याकडे कोण पाहणार?

मराठवाड्याला हा प्रश्न नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणेश विसर्जन आटोपून झोपलेली गावे ढिगाऱ्याखाली गेली, हजारो माणसे दगावली. पुढे कित्येक दिवस लोक दगडी घरात झोपायला धजत नव्हते. मोठ्यांची ही गत, तर मुलांचे काय झाले असेल? भारतीय जैन संघटनेने त्या भागातील सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. अन्न-निवाऱ्याइतकीच शाळाही गरजेची, हे तेव्हा ओळखले गेले.

शाळाच का? भूकंप, दंगल, अपघात, घरातली मारहाण किंवा जवळच्या माणसाचा मृत्यू, अशा आघातानंतर संकट टळले तरी मुलाचे शरीर सावधच राहते. बाक सरकला तरी ते दचकते. रात्री झोप नसते, म्हणून वर्गात पेंगते. वाचलेले लक्षात राहत नाही. एखादे गप्प होते, एखादे मारामारी करते. आपण त्याला आळशी नाहीतर उनाड ठरवून मोकळे होतो. शिक्षेने त्याची भीती आणखी वाढते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे.

ज्याचे जग एका क्षणात कोसळले, त्याला पुढे काय होणार हे आधी कळण्याचा मोठा आधार असतो. तीच घंटा, तीच जागा, तेच वेळापत्रक. काही बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगावे. सगळ्यांसमोर ‘काय घडले ते सांग’ म्हणू नये. ते बोलू लागले तर मात्र ऐकून घ्यावे. जीव घाबरला तर बाहेर जाऊन पाणी पिण्याची मुभा द्यावी. शाळेत त्याला आपला वाटेल असा एक तरी शिक्षक असावा. घटनेची वर्षतिथी त्याने ध्यानात ठेवावी, त्या दिवशी मूल पुन्हा बिथरू शकते.

महिना उलटूनही झोप, जेवण, खेळ पूर्वपदावर आले नाही तर समुपदेशकाची मदत घ्यावी. मूल मरणाची भाषा बोलत असेल तर एक दिवसही थांबू नये. टेलि-मानस १४४१६ आणि चाइल्डलाइन १०९८ हे क्रमांक शाळेच्या फलकावर असावेत.

उर्दूत ‘शफकत’ असा शब्द आहे. मोठ्याने लहानाला दिलेली माया, असा त्याचा अर्थ. जकात वर्षातून एकदा निघते. शफकत मात्र रोज हजेरी घेतानाही देता येते.