अभियांत्रिकी शिक्षण आणि दलित विद्यार्थी : प्रवेशानंतरचा प्रश्न

माझे वडील बांधकाम खात्यात मैलकुली होते. रस्त्यावरचे खड्डे बुजविणे, कडेचे गवत काढणे, पावसाळ्याआधी मोऱ्या उपसणे हे त्यांचे काम. आमच्या गावाजवळच्या ओढ्यावर नवी मोरी बांधावयाचे ठरले तेव्हा आखणीसाठी जीपमधून साहेब आले. वडील भीतभीत म्हणाले, "साहेब, पाणी बाभळीच्या अंगानं येतंय. मोरी तिकडं सरकवा." साहेबांनी नकाशावरची नजर वर केली नाही. तिसऱ्या पावसाळ्यात मोरीच्या बाजूने रस्ता वाहून गेला. तो भरून काढावयाला वडीलच घमेले घेऊन गेले.

आज मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला गणित शिकवितो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. वडिलांची ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगतो. त्यांचा अपमान झाला एवढेच सांगण्यासाठी नव्हे. पाणी कोठून येते हे ज्याला ठाऊक होते त्याच्या हाती नकाशा नव्हता, आणि ज्याच्या हाती नकाशा होता त्याला विचारण्याची गरज वाटली नाही. या देशातील अभियांत्रिकीचा इतिहास बराचसा या एका मोरीत सामावलेला आहे.

परंतु या लेखाचे निमित्त वेगळे आहे. गेल्या वर्षी माझ्या वर्गातील एक मुलगा पहिल्या सत्रानंतर आलाच नाही. राखीव जागेवर आलेला, हुशार. पण गणितात आणि आणखी दोन विषयांत राहिला. मी त्याला फोन केला तेव्हा तो चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे लागला होता. "सर, घरी अडचण होती," एवढेच म्हणाला. प्रवेशाच्या तक्त्यात त्याची जागा 'भरली' अशीच नोंद आहे. त्या नोंदीने मला अस्वस्थ केले. भरलेली जागा आणि घडलेला अभियंता यांत किती अंतर असते, आणि ते कशामुळे पडते, हे येथे मांडावयाचे आहे.

प्रथम जागेचाच विचार करू. इंग्रजांनी हे शिक्षण आपल्या गरजेपोटी सुरू केले. गिंडीची भूमापन शाळा १७९४ ची, रुरकीचे महाविद्यालय १८४७ चे, पुण्याचे १८५४ चे. रस्ते, कालवे, पूल बांधण्यासाठी सरकारला माणसे हवी होती. दगड, लोखंड, लाकूड, माती आणि चामडे यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजणाऱ्या जाती मात्र या शिक्षणाच्या बाहेर राहिल्या. ज्यांच्या घरी हातकाम कमीपणाचे मानले जाई त्या जातींतील मुले मोठ्या प्रमाणावर इंजिनिअर झाली. कारण उघड आहे. प्रवेशाला इंग्रजी आणि गणित लागे, ते शाळेत मिळे, आणि शाळेचा उंबरठा आम्हाला बंद होता. म्हणजे ज्यांना वस्तूचे ज्ञान होते त्यांना पुस्तक मिळाले नाही. आणि पुढे पुस्तक नाही म्हणून त्यांना ज्ञानच नाही, असे ठरविले गेले.

हा पेच बाबासाहेबांनी फार लवकर ओळखला होता. व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४२ साली त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन सरकारला सादर केले. स्वतः कायदेपंडित असलेला हा पुरुष त्यात सांगतो की, कला आणि कायद्याचे शिक्षण आमच्या मुलांना फारसे तारणार नाही. त्यांना विज्ञान आणि तंत्रशास्त्राचे उच्च शिक्षण पाहिजे, आणि ते त्यांच्या ऐपतीबाहेरचे असल्याने सरकारने त्याचा भार उचलला पाहिजे. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू झाली. दामोदर खोऱ्याची योजना, पाणी आणि वीज यांसाठी मध्यवर्ती तांत्रिक मंडळे ही कामे याच काळात त्यांच्या खात्यातून झाली. धरणे आणि वीज यांवर उद्याचा देश उभा राहणार आहे आणि तो उभारणाऱ्यांत आपली माणसे असली पाहिजेत, हे दोन्ही विचार त्यांच्या ठायी एकत्र होते.

स्वातंत्र्यानंतर राखीव जागांचा पहिला मोठा घटनात्मक झगडा झाला तोही अशाच शिक्षणावरून. मद्रास राज्यात दर चौदा जागांची जातवार विभागणी होती. त्यांत दलितांना दोन जागा असत. त्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्या दोघांपैकी एकीचा प्रश्न वैद्यकीय महाविद्यालयाचा होता, दुसऱ्याचा अभियांत्रिकीचा. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती विभागणी रद्द केली आणि त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५(४) आले. आज आपला मुलगा ज्या आधारावर प्रवेश घेतो तो आधार असा मिळालेला आहे. तरीही आय. आय. टी. संस्थांत अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवण्यास १९७३ साल उजाडले, पहिली आय. आय. टी. खरगपूरला १९५१ मध्ये निघाली होती. म्हणजे देशातील सर्वोत्तम मानल्या गेलेल्या या वर्गखोल्या पहिली बावीस वर्षे आमच्यासाठी जवळजवळ रिकाम्याच होत्या.

आता जागा आहेत. मग मुले जातात कोठे? डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने संसदेत दिलेली माहिती अशी : आधीच्या पाच वर्षांत आय. आय. टी. संस्थांतून अनुसूचित जातींचे १,०६८, अनुसूचित जमातींचे ४०८ आणि इतर मागासवर्गांचे २,०६६ विद्यार्थी शिक्षण सोडून गेले. विद्यार्थी एक अभ्यासक्रम सोडून दुसरीकडेही जातात, असा खुलासा मंत्र्यांनी केला. काही जात असतीलही. परंतु ज्याच्या बापाने बैल विकून क्लासची फी भरली, तो असा सहज 'दुसरीकडे' जात नाही.

आपले विरोधक यावर लगेच म्हणतात, "पात्रता नसताना घेतले, म्हणून टिकले नाहीत." हा आक्षेप जुना आहे आणि तो तपासून पाहिला गेला आहे. आंध्र प्रदेशातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१६ मध्ये अमेरिकेतील अर्थशास्त्राच्या अग्रगण्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला. राखीव जागांमुळे या वर्गांतील मुले अधिक संख्येने आणि अधिक चांगल्या महाविद्यालयांत पोहोचली. आपल्या कुवतीबाहेरच्या ठिकाणी गेल्यामुळे त्यांचे नुकसान झाले असा पुरावा मिळाला नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. तेव्हा मुले गळतात त्याची कारणे बुद्धीत नव्हे, अन्यत्र शोधली पाहिजेत. माझ्या अनुभवात ती तीन आहेत.

पहिले कारण पैशाचे. आणि पैशापेक्षाही पैशाच्या वेळेचे. २०२१ मध्ये एका दलित मुलाची मुंबईच्या आय. आय. टी. तील जागा केवळ कार्डावरून फी भरली न गेल्याने हुकली. २०२४ मध्ये मुझफ्फरनगर जिल्ह्यातील एका रोजंदारी मजुराच्या मुलाला धनबादच्या आय. आय. टी. साठी १७,५०० रुपये मुदतीत भरता आले नाहीत. दोघांनाही जागा परत मिळाली ती सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर. सुखवस्तू घरात ही रक्कम संध्याकाळपर्यंत उभी राहते. मजुराच्या घरात तिला चार दारे ठोठवावी लागतात. शिष्यवृत्तीचेही तेच. ती कागदावर असते, पण फी, खानावळ आणि खोलीभाडे सत्राच्या आरंभी द्यावे लागते, आणि शिष्यवृत्तीचे पैसे पुष्कळदा सत्र संपल्यावर येतात. वसतिगृहात नंबर न लागलेल्यांसाठी राज्यात 'स्वाधार' योजना आहे. तिचीही वाट पाहावी लागते. मधल्या महिन्यांत मुलगा रात्री कोठेतरी कामाला जातो आणि सकाळी माझ्या तासाला पेंगतो. त्याला आळशी म्हणणारे पुष्कळ असतात.

दुसरे कारण गणिताचे. आमच्याकडे मुले त्याला 'एम-वन' म्हणतात आणि त्याचे नाव काढताच त्यांचा चेहरा उतरतो. दहावीपर्यंत जो मुलगा 'बहुपदी' आणि 'वर्गसमीकरण' म्हणत आला त्याला एकाएकी पॉलिनॉमियल आणि क्वाड्रॅटिक ऐकू येते. त्याला येत असलेली गोष्टही तो ओळखत नाही. त्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन वर्षे गणिताचा शिक्षकच नसला, तर तो पाया अठराव्या वर्षी चार महिन्यांत कसा भरून निघावयाचा? म्हणून मी म्हणतो, अभियंत्यांची संख्या सीईटीच्या वर्षी वाढत नाही. ती सातवी-आठवीत वाढते.

तिसरे कारण सर्वांत कमी बोलले जाते. ते एकटेपणाचे. वसतिगृहात पहिल्याच दिवशी विचारले जाते, "तुझा रँक किती?" हा प्रश्न वरवर गुणांचा असतो, आत तो जातीचा असतो. २०२३ मध्ये मुंबईच्या आय. आय. टी. ने काढलेल्या सूचनांत सहाध्यायाला जात किंवा प्रवेशपरीक्षेतील क्रमांक विचारणे अनुचित ठरविले, यावरून तो किती रुळलेला असावा ते समजते. ज्याला हा प्रश्न झोंबला तो पुढे वर्गात शंका विचारीत नाही. शंका विचारली तर आपण 'कोट्यातले' हे सिद्ध होईल, असे त्याला वाटते. मीही असाच होतो. गणितात दोनदा राहिलो, पण कोणाला सांगितले नाही. पुढच्या वर्षातील एका मित्राने माझी गुणपत्रिका पाहिली आणि रोज रात्री खोलीवर बसवून माझ्याकडून उदाहरणे सोडवून घेतली. तो नसता, तर मीही आज एखाद्या ठेकेदाराकडे असतो.

या संदर्भात अमेरिकेतील एक प्रयोग आपण जाणून घेतला पाहिजे. १९७२ मध्ये पँथरने आपले नाव कृष्णवर्णीयांच्या चळवळीवरून घेतले आणि आपल्या साहित्याने त्यांच्या साहित्याशी नाते जोडले. त्यांच्या गणिताकडे मात्र आपले लक्ष गेले नाही. बर्कले येथील विद्यापीठात युरी ट्रीसमन या गणिताच्या शिक्षकाने सत्तरच्या दशकात पाहिले की, कृष्णवर्णीय विद्यार्थी कलनशास्त्रात मोठ्या प्रमाणावर नापास होतात आणि त्यामुळे अभियांत्रिकीची वाट बंद होते. जिद्द कमी, घरचे पाठबळ कमी, असे सहकारी सांगत. त्याने विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष राहणे-शिकणे पाहिले तेव्हा उलटेच आढळले. जिद्द होती, घरचे पाठबळ होते; पण ही मुले एकेकटी अभ्यास करीत. चिनी वंशाची मुले मात्र एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढीत. ट्रीसमनने मग गट बसविले. 'कच्च्यांचा वर्ग' म्हणून नव्हे. उलट गटाला नेहमीपेक्षा अवघड उदाहरणे दिली. गटात बसणाऱ्यांचे निकाल सुधारले. यातला बोध मोलाचा आहे. आपल्या मुलाला दया दाखवून सोपे देऊ नये. त्याला सोबत द्यावी आणि अवघड द्यावे.

पदवीनंतरही प्रश्न संपत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवून पाहिले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दलित आडनावाच्या अर्जदाराला पुढील बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांश निघाली. मुलाखतीत 'घरची पार्श्वभूमी' विचारतात. मैलकुलीच्या मुलाने तेथे काय सांगावे? खाजगी क्षेत्रात राखीव जागा नाहीत आणि अभियंत्यांच्या नोकऱ्या तर प्रामुख्याने तेथेच आहेत. या आघाडीवर चळवळीने अजून पुरेसा आवाज उठविलेला नाही, हे कबूल केले पाहिजे.

मग आपण काय करावयाचे? शिष्यवृत्ती सत्राच्या आरंभी मिळावी, गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी राहू नये, महाविद्यालयांनी भरलेल्या जागांबरोबर पदवीपर्यंत पोहोचलेल्यांचाही वर्गवार हिशेब प्रसिद्ध करावा, या मागण्या सरकारकडे केल्याच पाहिजेत. पण शिकून नोकरीला लागलेल्या आपल्या माणसांवरही एक जबाबदारी आहे. घर झाले, गाडी झाली. आता आठवड्याचे तीन तास द्यावेत. गेल्या वर्षापासून मी आणि एक अभियंता मित्र दर रविवारी सकाळी वस्तीतील विहारात पहिल्या वर्षाची मुले घेऊन बसतो. कोणत्याही जातीचा मुलगा वा मुलगी येऊ शकते. खडू-फळा आहे, चहा आहे आणि अवघड उदाहरणे आहेत. पहिल्या सत्रात नऊ जण आले. सात पास झाले. दोघे राहिले, पण त्यांनी महाविद्यालय सोडले नाही. एवढ्याने समाज बदलत नाही, हे मलाही कळते.

चाकणला गेलेला तो मुलगा त्या नऊ जणांत नव्हता. तो गप्प बसतो हे मला वर्गात दिसत होते. मी त्याला बोलाविले नाही. ही चूक माझी. गेल्या आठवड्यात मी त्याला पुन्हा फोन केला. राहिलेल्या विषयांचा परीक्षेचा फॉर्म भरण्याची मुदत अजून गेलेली नाही. "रविवारी सुट्टी असते का?" मी विचारले. "एक आड एक रविवार असते, सर," तो म्हणाला. मी त्याला विहाराचा पत्ता सांगितला आहे.