मोटारीतील ओल : माठाची की पेल्याची?

मोटारीच्या काचा वर केलेल्या, दारे घट्ट लावलेली, छपराच्या पत्र्याला कोठे भोक नाही. तरीही सकाळी दार उघडावे तो पायाखालचे मॅटिंग ओले आणि आत कुबट वास! मग गाडी गॅरेजमध्ये जाते, काचेभोवती मसाला भरला जातो, पैसे खर्च होतात आणि आठवड्याने ओल पुन्हा हजर! असे का व्हावे?

घरातील दोन भांडी आठवा. मातीचा माठ बाहेरून ओला असतो, कारण आतले पाणी त्याच्या छिद्रांतून पाझरते. बर्फाचे पाणी घातलेला स्टीलचा पेलाही बाहेरून ओला होतो. पण स्टीलला छिद्रे नाहीत. खात्री करायची असेल तर पेल्यातील पाण्यात थोडे कुंकू कालवा. बाहेरचे थेंब बिनरंगीच राहतील. ते पाणी पेल्यातले नव्हे, हवेतले. मोटारीतील ओलही या दोनच प्रकारची असते : गळून आलेली किंवा हवेतून जमलेली. कोणती ते आधी ठरवले नाही, तर दुरुस्ती फुकट जाते.

नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यातले इस्लापूर हे गाव उदाहरणादाखल घेऊ. त्याच्या जवळच पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा आहे. पावसाळ्यात तो पाहण्यासाठी लोक मोटारींनी येतात, तुषारांनी भिजतात आणि ओल्या कपड्यांनीच गाडीत बसतात. परतीच्या वाटेवर पाऊस सुरू होतो, काचा वर जातात आणि थोड्याच वेळात पुढची काच धुरकट होते.

हवेत किती पाणी मावते?

हवेत पाण्याची वाफ, म्हणजेच बाष्प असते. ते किती मावेल हे तापमानावर अवलंबून असते. १ घनमीटर जागेत १० अंश सेल्सिअसला सुमारे ९ ग्रॅम, २० अंशांना १७ ग्रॅम, २५ अंशांना २३ ग्रॅम, तर ३० अंशांना ३० ग्रॅम बाष्प मावते. हवा थंड होत गेली, की एका तापमानाला ती बाष्पाने पूर्ण भरते. त्याहून थंड झाली, की जादा बाष्पाचे पाणी होते. या तापमानाला दवबिंदू म्हणतात. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ डॅनियल याने १८२० मध्ये तो मोजण्याचे एक उपकरण तयार केले. त्यातील काचेचा फुगा ईथरच्या बाष्पीभवनामुळे थंड होई. फुग्यावर दव दिसू लागताच तापमान वाचायचे! पावसाने थंड झालेली मोटारीची काच म्हणजे असाच एक फुगा होय.

आता थोडा हिशेब करू. गाडीच्या आतील जागा ३ घनमीटर आणि तापमान २५ अंश माना. या जागेत जास्तीत जास्त ६९ ग्रॅम बाष्प मावेल. पावसाळी हवेत त्याच्या ८० टक्के, म्हणजे ५५ ग्रॅम आधीच असते. जागा उरली १४ ग्रॅमची. एका माणसाच्या श्वासातून व त्वचेतून तासाला ४० ग्रॅम बाष्प बाहेर पडते असे धरले, तर चौघांचे १६० ग्रॅम झाले. म्हणजे मिनिटाला सुमारे २.७ ग्रॅम. बाहेरची हवा मुळीच आत येत नसेल, तर पाच-सहा मिनिटांत आतली हवा पूर्ण भरते! ओले कपडे आणि थंड काच यांमुळे धुके त्याआधीच धरते.

हे नुसते गैरसोयीचे नाही, धोक्याचेही आहे. जंगलातील वळणावर समोरची बैलगाडी दिसली नाही तर काय होईल? फडक्याने काच पुसून क्षणभरच भागते, कारण बाष्प आतच असते. त्याला बाहेर घालवले पाहिजे. आतलीच हवा फिरवणारी कळ बंद करून बाहेरची हवा आत घ्यावी. वातानुकूल यंत्र असेल तर ते सुरू करावे. त्याच्या थंड नळ्यांवर बाष्पाचे पाणी होते आणि काचेकडे कोरडी हवा येते.

कधी मात्र धुके काचेच्या बाहेरच्या बाजूला धरते. यंत्राच्या गार झोताने काच बाहेरील दमट हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड झाली, की असे होते. ओळखण्याची युक्ती सोपी आहे : वायपरने गेले तर बाहेरचे, हाताने पुसले तर आतले. बाहेरचे असेल तर गार झोत काचेवरून वळवावा.

गळणाऱ्या पाण्याच्या वाटा

आता गळतीकडे वळू. येथे एक गोष्ट लक्षात ठेवा : जेथे ओल दिसते तेथेच भोक असते असे नाही. पाणी पृष्ठभागाला चिकटून, वायरीवरून किंवा पत्र्याच्या सांध्यातून हातभर दूर जाते आणि मगच टपकते. ओल्या दोरीचे एक टोक पाण्याच्या तांब्यावर धरा, दुसरे खाली बादलीत सोडा आणि दोरी तिरपी ताणून हळूहळू पाणी ओता. ते दोरीवरूनच बादलीत जाईल.

पुढच्या काचेखाली, वायपरांजवळ, पावसाचे पाणी वाहून नेणारी एक पन्हाळ असते. गाडी चिंचेखाली किंवा लिंबाखाली उभी राहत असेल, तर बारीक पाने तिची भोके बुजवतात आणि तुंबलेले पाणी आत शिरते. दाराची गंमत आणखी वेगळी. काचेच्या फटीतून पाणी दाराच्या पोकळीत शिरतेच. ते दोष नव्हे. दाराच्या तळाशी असलेल्या भोकांतून ते बाहेर पडते. ही भोके चिखलाने बंद झाली, किंवा आतील प्लॅस्टिकचा पडदा स्पीकर बसवताना फाटला, तर पाणी पायाशी येते. डिकीत ओल असेल तर मागच्या दिव्यांभोवतीचे रबर पाहावे.

पाऊस नसतानाही पुढच्या बाजूचे मॅटिंग ओले होत असेल, तर वातानुकूल यंत्राच्या पाण्याची नळी तुंबलेली असू शकते. हे पाणी स्वच्छ असते. पाणी रंगीत व बुळबुळीत असेल, तर ते इंजिन थंड ठेवणारे द्रव्य समजावे. ते विषारी असते. चाखून पाहू नये.

खडू, कागद आणि झारी

तपास क्रमाने करावा. प्रथम मॅटिंग काढून जागा पूर्ण वाळवा. मग तेथे वर्तमानपत्राचे कोरडे कागद पसरा आणि गाडी रात्रभर छपराखाली ठेवा. कागद कोरडे राहिले आणि पावसानंतर एकाच ठिकाणी भिजले, तर गळतीचा संशय धरावा. कागद कोरडेच, पण काचांच्या आतून सगळीकडे सारखे थेंब, तर पाणी हवेतले.

गळती असेल तर दाराच्या रबरावर खडू घासून दार लावा व उघडा. चौकटीवर खडूची रेघ जेथे तुटली असेल, तेथे रबर नीट टेकत नाही. शेवटी एकाने विजेरी घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून झारीने पाणी सोडावे. सुरुवात खालून करावी आणि पाच-पाच मिनिटांनी वर सरकावे. आधीच छपरावर पाणी ओतले तर ते सर्व सांध्यांवरून वाहील आणि काहीच कळणार नाही. गाडी चढावर किंवा उतारावर उभी असतानाच गळत असेल, तर तपासही तशाच उतारावर करावा. हे काम मोठ्या माणसांना बरोबर घेऊनच करा.

कारण कळले, की उपाय बहुधा स्वस्त असतो : पन्हाळीतील पाने काढणे, दारातील भोके तारेने मोकळी करणे, रबर बदलणे. ओल तशीच राहू दिली, तर मॅटिंगखालचा पत्रा कोणाला न दिसता गंजतो आणि वायरींचे सांधे बिघडतात.

जाता जाता एक प्रश्न. हिवाळ्यात पहाटे, पाऊस नसतानाही, पत्र्याच्या छपराखालून थेंब पडतात. ही ओल माठाची की पेल्याची? आणि उत्तर पडताळण्यासाठी तुम्ही कोणता प्रयोग कराल?